निगेटिव्ह कंट्रोल पिवळा का झाला?

जर्नलं मिटा आणि इकडे बघा. मी एकाच्याही जर्नलवर सही केलेली नाही.

मंगळवारची एलायझाची प्लेट मी स्वतः पाहिली आहे. पहिल्या बॅचचा निगेटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्हइतकाच पिवळाधमक होता. आणि जर्नलात काय लिहिलंय? ४५० नॅनोमीटरला ०.०८! सगळ्यांचं ०.०८. मागच्या वर्षीच्या मुलांचं उतरवलंत, पण आपल्या प्लेटकडे एकदा बघावंसं वाटलं नाही. कॉपी करायलाही अक्कल लागते.

तो पिवळा का झाला, विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. लेक्चरला मात्र अँटिबॉडीचे पाचही वर्ग घडाघडा म्हणता. अरे, चारची एसटी गाठायची म्हणून ब्लॉकिंग अर्ध्यात उरकलंत. तीनदा धुवा सांगितलं, तर एकदाच धुतलंत. मग कॉन्जुगेट विहिरींच्या प्लास्टिकलाच चिकटून राहिलं. त्यातल्या पेरॉक्सिडेजला तुमची घाई काय ठाऊक? टीएमबी मिळालं की ते निळं करणार आणि ॲसिड पडलं की ते पिवळं दिसणारच.

दुसऱ्या बॅचनं दात काढू नयेत. तुमचा तर पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा कोरा! फ्रीजमधून जो बफर उचललात त्याच्या बाटलीवर सोडियम अझाइड लिहिलेलं होतं. जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, पण ते पेरॉक्सिडेजचंही काम बंद पाडतं. लेबल वाचायला एम.एस्सी. लागत नाही.

१९६१ साली जॅक मिलरने नवजात उंदरांची थायमस काढली. तोवर तिला कुणी फारशी किंमत देत नव्हतं. ती पिल्लं परक्या उंदराची कातडीही नाकारेनात. पुस्तकात होतं तेच त्यानं वहीत उतरवलं असतं, तर टी-पेशींवरचा जो धडा तुम्ही पाठ करता तो छापलाच गेला नसता.

उद्या रक्तपेढीत एचआयव्हीची एलायझा लावाल. तिथंही ०.०८ लिहिणार? ती पिशवी कुणाच्या तरी शिरेत जाते.

रीडरची प्रिंट माझ्याकडे आहे. जर्नलातलं पान फाडायचं नाही. त्यावर तिरकी रेघ मारा, खरं रीडिंग लिहा, कंट्रोल बिघडल्यानं प्रयोग अमान्य असं लिहा आणि खाली कारण द्या. त्यावर मी आनंदानं सही करीन. शुक्रवारी सकाळी नऊला प्लेट पुन्हा लावायची आहे. धुणं माझ्यासमोर होईल.