मोल्सवर्थचे मोल

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी येतं, मग चहा येतो आणि मग मोल्सवर्थ येतो. पाणी आणि चहा आमची ही आणते. मोल्सवर्थ मी आणतो. आणायला दोन्ही हात लागतात, कारण ऐवज वजनदार आहे. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजाने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी शब्दकोश, १८५७ सालची दुसरी आवृत्ती, शब्द सुमारे ६० हजार. ज्याच्या नावातच एकदा मराठीत 'मोल' आणि एकदा इंग्रजीत 'वर्थ' अशी दोन-दोनदा किंमत आली आहे, असा हा गृहस्थ.

"केवढ्याला घेतला असेल मी हा?" असं मी पाहुण्याला विचारतो. पाहुणा नवा असेल तर बिचारा हजाराच्या घरातला आकडा सांगतो. जुना असेल तर बिस्किट चहात बुडवता बुडवता "पाच रुपये" म्हणतो आणि माझा विरस करतो. विरस झाला तरी मी गोष्ट पुरी सांगतोच.

गोष्ट १९७३ सालची. मूळ मोल्सवर्थ तेव्हा दुर्मिळ होता. पुण्यात त्याचं पुनर्मुद्रण निघालं ते १९७५ साली. सदाशिव पेठेतल्या एका रद्दीच्या दुकानात, 'मॅट्रिकचे अपेक्षित प्रश्न' आणि कुठल्याशा सहकारी पतपेढीचे अहवाल यांच्या मधोमध तो मला दिसला. अशा वेळी काय करायचं असतं, हे रद्दीत जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे चेहरा. मुलगी पसंत पडली आहे, पण हुंड्याची बोलणी व्हायची आहेत, अशा वेळी जुन्या काळचे वरबाप जो चेहरा करीत, तो करायचा. दुसरी गोष्ट म्हणजे हव्या त्या पुस्तकाकडे पाहायचं नाही. नको त्या पुस्तकांची चौकशी करायची, आणि हवं ते हळूच त्या गठ्ठ्यात सारायचं. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यातून घरात शिरते, तसा माझा मोल्सवर्थ चार शिळ्या दिवाळी अंकांच्या घोळक्यातून तराजूपर्यंत पोचला.

"याचे सात रुपये पडतील," मोल्सवर्थवर थाप मारून रद्दीवाला म्हणाला. धूळ उडाली. माझं काळीजही उडालं.

"सात? अहो, पानं पिवळी पडलीयत. मला आपलं पोरांची पिंपळपानं दाबायला एक जाडजूड पुस्तक हवं होतं."

पाचाला सौदा पटला. माझं लग्न व्हायला तेव्हा तीन वर्षं अवकाश होता, तेव्हा पोरं कुठली आणि पिंपळपानं कुठली!

ही गोष्ट मी आजवर शेकड्याने लोकांना सांगितली असेल. सगळे हसतात. हसले नाहीत ते फक्त आमचे एक स्नेही, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. तत्त्वज्ञानाच्या माणसाला चहाला बोलावू नये. चहा आपला पितो आणि झोप आपलीच घालवतो.

"त्या रद्दीवाल्याला ठाऊक होतं, हे काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"छे! ठाऊक असतं तर पाचाला दिला असता?"

"तुम्ही सांगितलंत?"

आता या प्रश्नाला काय म्हणावं? मांजराने उंदराला शिंकाळ्याची वाट दाखवावी, असं म्हणण्यासारखंच हे. पण प्राध्यापकमजकूर गंभीर होते. ते म्हणाले, "हा प्रश्न सिसेरोने २ हजार वर्षांपूर्वी विचारून ठेवलाय. इसवी सनापूर्वी ४४ साली अथेन्सला शिकायला ठेवलेल्या मुलासाठी त्याने कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात हेच आहे. एखादा माणूस पितळ समजून सोनं विकायला बसला असेल, तर सज्जनाने त्याला 'बाबा रे, हे सोनं आहे' म्हणून सांगावं, की हजाराचा माल एका नाण्याला उचलावा?"

मुलगा परगावी शिकायला असताना बाप त्याला असलं काही लिहून पाठवत असेल, तर तो मुलगा सुट्टीत घरी यायला राजी नसणार. पण मी विचारलं, "मग काय करावं म्हणतो तुमचा सिसेरो?"

"त्याने स्काइव्होला नावाच्या एका रोमनाचं उदाहरण दिलंय. स्काइव्होलाने एक जमीन घ्यायची ठरवली. मालकाला म्हणाला, एकदाच काय ती शेवटची किंमत सांग. मालकाने सांगितली. स्काइव्होला म्हणाला, माझ्या मते जमीन याहून जास्त मोलाची आहे. आणि वर १ लाख नाणी जास्त मोजली."

"आणि लोक काय म्हणाले?"

"लोक म्हणाले, माणूस सज्जन खरा, पण शहाणा नव्हे."

म्हणजे रोममध्येही सदाशिव पेठ होती तर! मला जरा धीर आला. मी माझी बाजू मांडली. म्हटलं, "प्राध्यापकसाहेब, मोल्सवर्थ ओळखायला शिकण्यासाठी मी किती रविवार धुळीत घालवलेत, किती शिंका दिल्यात, त्याचा हिशेब कोण देणार? माहिती ही माझी कमाई. डॉक्टर नाडी बघायचे पैसे घेतो, मी पुस्तकाची नाडी बघतो. शिवाय तो रद्दीवाला धंद्याला बसलाय. त्याने हा ग्रंथ कुणाच्या तरी घरातून वजनावर उचलला, तेव्हा त्या घरच्या बाईला त्याने सांगितलं का? दहा पुस्तकांत एक अजाणता स्वस्तात जाणार, हे धरूनच तो तराजू टांगतो. आणि मी नसतो घेतला, तर आज मोल्सवर्थच्या 'क'पासून 'घ'पर्यंतच्या पानांत शेंगदाणे गेले असते!"

प्राध्यापक थोडे विरघळले. म्हणाले, "यात तथ्य आहे. बाजारात दोघेही आपापली अक्कल घेऊन उतरलेले असतात. गप्प बसणं एक वेळ चालेल. पण ते पिंपळपान?"

पिंपळपानाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते मी आता गोष्टीतून गाळतो.

इतका वेळ आमची ही कपबशा उचलत होती. ती जाता जाता म्हणाली, "मग आपला बंब नेला त्याला तुम्ही वर्षभर शिव्या का देत होतात?"

बंबाचं प्रकरण पाहुण्यांपुढे निघू नये अशी माझी इच्छा असते. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब होता. गॅसचा गीझर आल्यावर तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात अडगळ होऊन बसला. एक दिवस दारावर मोड घेणारा आला. बंबाच्या पोटावर त्याने बोटाने टिचकी मारली, ओठ वाकडे केले आणि म्हणाला, "नळी गेलीय साहेब. जळकं तांबं आहे. मोडीच्या भावात देऊन टाका, उगाच जागा अडते." मी दिला, वर त्याला तो जिन्यावरून उतरवायला मदतही केली. वर्षभराने मुलाने आम्हांला एका झकपक हॉटेलात जेवायला नेलं. दारातच आमचा बंब! पोटाला चिंचेने लखलखीत घासलेला, डोक्यावर झेंडूची माळ, खालून दिवा सोडलेला. कडीजवळचा पोचा मी ओळखला. लहानपणी मीच पाडला होता तो. तिथला वेटर कौतुकाने म्हणाला, "अँटिक पीस आहे सर."

त्या रात्री मला पनीर गोड लागलं नाही. त्या माणसाने मला फसवलं, लुबाडलं, असं मी घरभर सांगत सुटलो. आणि गंमत पाहा, त्याने केलं काय होतं? त्याने त्याची अक्कल वापरली होती, तोंड वाकडं केलं होतं आणि थोडं खोटं बोलला होता. म्हणजे हुबेहूब मीच, फक्त खांद्यावर पोतं.

म्हणून नंतर मी या विषयावर आपल्याकडे काय म्हटलंय ते शोधलं. दुर्गाबाई भागवतांनी जातककथा मराठीत आणल्या आहेत. ते खंड माझ्याकडे आहेत. पुऱ्या किमतीला घेतलेत, म्हणून पाहुण्यांना दाखवत नाही. त्यात आरंभीच सेरिवाणिज जातक आहे. एका नगरात वैभव गेलेलं एक कुटुंब होतं. उरल्या होत्या एक आजी आणि एक नात. घरात एक काळं पडलेलं ताट. दारावर फेरीवाला आला. नातीला हवा होता दागिना, म्हणून आजीने ते ताट पुढे केलं. फेरीवाल्याने मागे सुईने रेघ ओढून पाहिली. सोनं! पण "हे कवडीमोल आहे" म्हणून त्याने ताट भिरकावलं आणि गेला. मनात बेत असा, की थोड्या वेळाने येऊन फुकटात न्यायचं. मागाहून दुसरा फेरीवाला आला. तो बोधिसत्त्व. तो म्हणाला, "आजी, हे ताट लाखाचं आहे. तेवढं माझ्यापाशी नाही."

मला वाटलं, आता हा ताट परत देणार आणि कथा संपणार. पण कथा रचणारा माणूस व्यवहारी होता. आजी म्हणाली, "तुझ्या पुण्याईनेच ते सोन्याचं झालं असेल. जे असेल ते दे आणि ने." त्याने जवळची ५०० नाणी दिली, ५०० चा माल दिला, होडीभाड्यापुरती ८ नाणी, तराजू आणि झोळी मागून घेतली आणि तो चालता झाला. म्हणजे लाखाचा माल बोधिसत्त्वाने हजारात घेतला! आमच्या मोल्सवर्थलाही लाजवील असा सौदा. तरी तो बोधिसत्त्व आणि पहिला लबाड. फरक किमतीत नव्हताच. फरक एवढाच, की दुसऱ्याने आधी सांगितलं आणि मग घेतलं. आजीने दिलं ते डोळे उघडे ठेवून दिलं.

ही कथा वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. कारण आजी, नात आणि काळं पडलेलं ताट हे मी पाहिलं होतं. दारात उभा राहिलेला फेरीवालाही माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

१९८४ साली आमच्या शेजारचा वाडा पाडायला काढला. वाड्यातल्या काकू लेकीकडे नाशिकला जायच्या होत्या. काका जाऊन सहा महिने झाले होते. काकांना गाण्याचा फार नाद. माळ्यावर तबकड्यांचा ढीग होता. काकूंनी मला हाक मारली. "अरे, तुला यातलं कळतं. बाहेरच्या कुणाला दाखवलं तर तो मला फसवील. तूच काय ते सांग आणि तूच घेऊन जा."

मी ढीग उपसला. चाळीसएक तबकड्या होत्या. मी म्हटलं, "काकू, आता हे कोण ऐकतंय? कॅसेटचा जमाना आलाय. रुपयाला एक, असं धरू या." काकू हो म्हणाल्या. मग दोन तबकड्या बाजूला काढून म्हणाल्या, "या दोन तर एका अंगाने कोऱ्याच आहेत बघ. काकांना कुणीतरी गंडवलेलं दिसतंय. यांचं काही देऊ नकोस हो, अशाच ने."

आता त्या दोन तबकड्यांविषयी सांगतो. आपल्या देशात कलकत्त्याला १९०२ साली ध्वनिमुद्रणं झाली, गौहरजानचं गाणं तबकडीवर आलं, तेव्हा तबकड्या छापून यायच्या त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. त्या अगदी पहिल्या काळातल्या तबकड्या एकाच बाजूने गायच्या, दुसरी बाजू कोरी. त्यांच्या लेबलावर तो कर्ण्यापुढे बसलेला कुत्राही नसतो. हातात लेखणी घेऊन तबकडीवर काहीतरी लिहीत बसलेला एक देवदूत असतो. काकूंना जो दोष वाटला, तोच त्या तबकड्यांचा जन्मदाखला होता. हे मला माहीत होतं. देवदूतही मला दिसला होता.

मी म्हटलं, "बरं काकू."

चाळीस रुपये मी त्यांच्या हातावर ठेवले. निघताना त्यांनी मला चकल्यांचा डबा दिला. "एवढा माळा उपसलास रे, धुळीत हात घातलेस. घरचा मुलगासुद्धा करत नाही." चकल्या खुसखुशीत होत्या, हे मला अजून आठवतं. आठवायला नको होतं.

नाशिकला जाऊन सगळं सांगावं, असं मी बरेचदा ठरवलं. पण लाल गाडीने नाशिक पाच-सहा तासांवर होतं आणि रविवारी जुना बाजार असायचा. १९९३ साली काकू गेल्या. स्काइव्होलाचं एक बरं होतं, जमिनीचा मालक त्याच्या समोर उभा होता.

रद्दीवाल्यापुढे मी गप्प बसलो याचं मला आजही फारसं वाटत नाही. तो माझ्याशी धंदा करीत होता. काकू धंदा करीतच नव्हत्या. आपल्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्यांनी माझे डोळे मागितले होते, आणि मी ते मिटून घेतले. जो तुमच्याशी घासाघीस करतो, त्याच्यापुढे गप्प बसणं हा फार तर व्यवहार. जो "तूच सांग" म्हणतो, त्याच्यापुढे गप्प बसणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. आणि कुठला सौदा कुठल्या जातीचा, याची एक सोपी परीक्षा मला इतक्या वर्षांनी सापडली आहे. स्वस्तात मिळालेल्या वस्तूची गोष्ट आपण गावभर सांगत फिरतो. तीच गोष्ट ज्याच्याकडून वस्तू घेतली, त्याच्या घरी बसून, त्याचाच चहा पीत सांगता आली पाहिजे.

त्या रद्दीवाल्याला मी मोल्सवर्थची गोष्ट पुढे खरंच सांगितली. तो पोट धरून हसला, आणि त्या दिवसापासून मी हात लावलेल्या प्रत्येक पुस्तकाची किंमत त्याने दुप्पट केली. न्याय म्हणतात तो हा.

तेव्हा आमच्याकडे कधी आलात तर आधी पाणी येईल, मग चहा येईल आणि मग मोल्सवर्थ येईल. तबकड्या येणार नाहीत. त्या माळ्यावर आहेत, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या. दिवाळीच्या साफसफाईला वर्षातून एकदा त्या निघतात. मी त्या पुसतो आणि परत ठेवतो. लेबलावरचा तो देवदूत मान खाली घालून लिहीतच असतो.