आधी छप्पर, मग रंग

घराची डागडुजी हा विषय मंडळीच्या मासिकात कशाला, असे एखाद्या वाचकास वाटणे साहजिक आहे. गवंडी, सुतार आणि नळ दुरुस्त करणारा यांच्याशी बोलून मिटणारी ती बाब. तिच्यात नीतीचा प्रश्न कोठून आला? आमचे म्हणणे एवढेच की, दुरुस्ती ही गवंड्याची बाब असली तरी दुरुस्तीचा क्रम ही घरधन्याच्या विवेकाची बाब आहे. बेताच्या मिळकतीच्या घरात पैसा थोडा असतो आणि कामे पुष्कळ असतात. कोणते काम आधी घ्यावयाचे आणि कोणते मागे टाकावयाचे हे ठरविताना, घरातील कोणाचा त्रास मोजावयाचा आणि कोणाचा नाही, हेही आपण ठरवून टाकीत असतो.

आपल्या घरांतील रीत पाहा. घराला हात लावण्याचा आपला ठरलेला काळ म्हणजे नाताळ. डिसेंबर उजाडला की चुना आला, रंग आला, नवे पडदे आले. पाहुणे येणार, गाणी गात तरुण मंडळी दाराशी येणार, तेव्हा दर्शनी भिंत स्वच्छ दिसली पाहिजे. यात वाईट काहीच नाही. परंतु पावसाळा संपून गेलेला असतो, ओल सुकलेली असते, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील गळती कोणाच्या ध्यानीमनी नसते. पैसा दर्शनी भिंतीवर खर्च होतो. पुढे जूनमध्ये मृग लागतो, तोच कोपरा पुन्हा गळू लागतो आणि त्याखाली पातेले ठेवले जाते. ते पातेले रात्री उठून रिकामे करते ती बहुधा घरातील माउली. आणि डिसेंबरात खर्चाचा निर्णय घेणारा बहुधा दुसराच कोणी असतो.

आता दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहू. उडालेला रंग वाट पाहू शकतो. यंदा भिंत रंगविली नाही तर पुढल्या वर्षी थोड्याफार फरकाने तेवढ्याच खर्चात ती रंगविता येते. पाण्याचे तसे नाही. बेळगाव, खानापूर या भागांत किंवा गोव्यात अजूनही पुष्कळ घरांवर मंगळुरी कौले आहेत. (१८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हा आपल्या मंडळ्यांचा या कौलांशी जुना संबंध आहे.) ही कौले खाचांनी एकमेकांत अडकलेली असतात. त्यांतील एक फुटले वा सरकले तर ते बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे. ते राहिले तर पाणी रिपेवर पडते, रीप कुजते, मग वासा भिजतो, आणि ओल्या लाकडाचा माग काढीत वाळवी येते. एका कौलाचे काम शेवटी छप्पर उतरविण्यावर येते. जुनी माणसे दर उन्हाळ्यात घर शाकारून घेत, त्यात हाच हिशेब होता.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील गच्चीच्या घरांची कथा निराळी नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी होते. पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी मूठभर पाने अडकली की ते सारे गच्चीवर तुंबते आणि बारीकशा चिरेतून आतल्या सळईपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले की फुगते. मूळच्या दुपटीहूनही अधिक जागा घेते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. मग छताचे पापुद्रे पाळण्यात निजलेल्या लेकरावर पडू लागतात. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप आज दोन बोटांनी उपटता येते; काही वर्षांनी त्यासाठी भिंत फोडावी लागते. गळक्या नळाचेही तसेच. सेकंदाला एक थेंब, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. ते मोरीत न जाता भिंतीत मुरत असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

जुन्या गोव्यात या गोष्टीची साक्ष देणाऱ्या दोन वास्तू एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर उभ्या आहेत. एक संत ऑगस्टीनचे चर्च. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी आणली आणि तेथील मठ ओस पडला. पुढे सातच वर्षांनी, १८४२ साली, चर्चचे कमानदार छत कोसळले. छत गेल्यावरही भिंती कित्येक वर्षे उभ्या होत्या. परंतु ऊनपावसात उघड्या पडलेल्या त्या जांभ्या दगडाचा टिकाव किती लागणार? १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. एके काळी सुमारे ४६ मीटर उंच असलेल्या मनोऱ्याचा एक तुकडाच आज आकाशात उभा दिसतो. दुसरी वास्तू से कॅथेड्रल. तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली पडला आणि तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. इमारत समोरून आजही एका बाजूला उणी दिसते. परंतु छप्पर राखले गेले, आणि तेथे आजही उपासना चालते. शोभा गेली तरी वास्तू राहू शकते. छप्पर गेले की शोभाही राहत नाही.

पवित्र शास्त्राने हा क्रम फार पूर्वी घालून दिला आहे. दुसरे राजे याच्या बाराव्या अध्यायात योवाश राजाची हकीकत आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा घ्यावा असे राजाने याजकांना सांगितले होते, तरी त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मोडतोड तशीच होती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती गेला. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की, त्या पैशातून चांदीची पात्रे व कर्णे केले नाहीत. दुसरा इतिहास याच्या चोविसाव्या अध्यायात पुढचा भाग आहे: दुरुस्ती पुरी झाल्यावर जे उरले त्याची पात्रे केली. म्हणजे पात्रांना मनाई नव्हती. त्यांची पाळी मागाहून होती.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील एक नियमही येथे आठवावा. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. नाही तर कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. नियम गवंड्याच्या कामाविषयीचा दिसतो, पण त्याचा गाभा शेजाऱ्याच्या जिवाविषयीचा आहे. आमच्या मते घरधन्याने प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न मांडावा: हे काम एक वर्ष थांबविले तर त्याची किंमत कोण भरील? भिजलेल्या भिंतीतून गेलेली उघडी वायर, मुदत संपलेली गॅसची नळी, हलणारा कठडा, म्हातारीचा पाय घसरतो ती मोरी, यांची किंमत जिवाने भरावी लागते. म्हणून ती कामे सर्वांत आधी. त्यानंतर गळती, ओल आणि वाळवी, कारण ही दर महिन्याला आपले बिल वाढवीत राहतात. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर गळत असेल तर ते बिल खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर फाटते, आणि तेथे शेजारप्रीतीचा कस लागतो. मग रोजच्या वापरातील अडचणी. रंग, पडदे, नवी फरशी ही सर्वांत शेवटी.

कोणी म्हणेल, ज्याच्या घरी दोन वेळची चूल कशीबशी पेटते त्याला हा उपदेश कशाला? आक्षेप खरा आहे. पैसा नसणे हा दोष नव्हे, आणि गळक्या घरात राहणाऱ्यास आळशी ठरविण्याचा अधिकार कोणास नाही. तथापि दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गच्चीवरची पाने काढणे, पिंपळाचे रोप उपटणे, सरकलेले कौल जागेवर बसविणे यांना पैशापेक्षा शिडी आणि दोन हात लागतात. आणि जेथे तेवढेही बळ नाही, तेथे प्रश्न त्या घराचा राहत नाही, मंडळीचा होतो. मंदिराच्या दर्शनी भागाला नवा रंग देण्यासाठी वर्गणी जमावी, आणि त्याच मंदिरात बसणाऱ्या एखाद्या विधवा भगिनीच्या घरात पावसाळाभर पातेली मांडलेली असावीत, हा क्रम आपण कोणापुढे कसा समर्थनीय ठरविणार? पंचांच्या बैठकीत हा प्रश्न कोणी तरी विचारावा.

दुसरा आक्षेप भाविकांचा असतो: कसर व जंग लागणाऱ्या वस्तूंत मन गुंतवू नये असे प्रभूने शिकविले, मग घराची एवढी चिंता कशाला? पण ती शिकवण साठविणाऱ्यास होती. ज्या छपराखाली लेकरे निजतात ते छप्पर साठविलेले धन नव्हे. ते आपल्याकडे सोपविलेले आहे, आणि आपल्यामागे दुसऱ्या कोणाला तरी त्याखाली राहावयाचे आहे.

म्हणून आमची सूचना अशी: नाताळाच्या खर्चातील काही भाग बाजूला काढून ईस्टर आणि मृग यांच्यामधल्या दिवसांसाठी ठेवावा. कौले, पन्हळ, गच्ची पाहण्याचा खरा काळ तो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्या दिवसांत मुलांना घेऊन एकदा मंदिराभोवती फेरी मारावी. कोठे ओल आहे, कोठे रोप उगवले आहे, कोठे पाणी तुंबते, हे मुलांनी वहीत लिहावे आणि वही पंचांकडे द्यावी. मग घरी जाऊन प्रत्येकाने आपल्या आईला विचारावे की, पावसाळ्यात पातेले कोठे ठेवावे लागते. दुरुस्तीची यादी त्या जागेपासून सुरू करावी.