सराव कोणावर?



धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा २०१८ साली जळगावला सुरू झालेल्या शासकीय महाविद्यालयात उपचारासाठी येणारा रुग्ण बहुधा गरीब असतो. शिकाऊ डॉक्टरांचा हात आजवर अशाच रुग्णांवर बसत आला. त्यांच्या दुखण्यावर इतरांनी शिकावे, हे न्याय्य आहे का?

१९६३ साली अमेरिकेत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी शिकवण्यासाठी रुग्णाची भूमिका करणारी माणसे तयार केली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे संगणकाच्या पडद्यावरचा ‘रुग्ण’ विद्यार्थ्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तेथे चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. म्हणून शक्य तेथे असा सराव आधी करणे हे कर्तव्यच ठरते.

मात्र तो रुग्ण आपल्या खानदेशातला वाटायला हवा. अहिराणीत ‘पोट दुखस’ एवढेच सांगून गप्प बसणारी, मुलाला खर्च नको म्हणून दुखणे लपवणारी आजी त्यात नसेल, तर विद्यार्थी पुस्तकातलाच रुग्ण ओळखायला शिकेल.

आणि पडद्यावरच्या रुग्णाला खरोखर काही दुखत नाही. त्याला केव्हाही बंद करता येते. खाटेवरच्या माणसाचे तसे नाही. म्हणून संगणकावर सराव झाल्यावरही विद्यार्थ्याने रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकावे.