बादलीतील मासे



माझे एक स्नेही आहेत. रेवदंड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो आणि आज अश्दोदमध्ये एकाच रस्त्यावर राहतो. पत्नी वारल्यापासून त्यांची शुक्रवारची सकाळ मरिनाच्या धक्क्यावर गळ टाकण्यात जाते. दुपारी ते आमच्या दाराला एक पिशवी अडकवून जातात. तीत कधी लुफार असतो, कधी पलामिदा. शब्बाथच्या रात्री आमच्याकडे नारळाच्या रसातले कालवण होते ते या पिशवीच्या जिवावर. हे आधीच सांगतो, कारण पुढचे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे हे वाचकांनीच ठरवावे.

गेल्या उन्हाळ्यात एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. आमच्या लहानपणी खाडीवर गरीला करंदी लावली की काम भागे. इथे मात्र मोठा मासा धरण्यापूर्वी लहान मासे धरण्याचा एक वेगळाच उद्योग असतो. स्नेह्यांनी घरून शिळ्या पावाचा गोळा मळून आणला होता. आधी त्यांनी पावाचा चुरा पाण्यात टाकला. थोड्याच वेळात धक्क्याच्या सावलीत बोटभर लांबीच्या माशांचा थवा जमला. हिब्रूत ज्याला बुरी म्हणतात तो मासा आपल्या बोयीच्याच कुळातला. मग बारीक दोरी, तांदळाएवढी गरी आणि तिला वाटाण्याएवढा पावाचा गोळा. अर्ध्या तासात आठ मासे बादलीत आले.

त्या बादलीची निगा पाहून मी थक्क झालो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप पाण्यात हवा सोडत होता. बादली उन्हात येऊ नये म्हणून स्नेही ती सारखी सरकवीत होते. पाणी कोमट झाले की थोडे काढून ताजे घालीत. मासा कोरड्या हाताने धरू देईनात, कारण अंगावरचा चिकट थर निघाला तर तो लवकर मरतो. एखाद्या दाईने बाळंतिणीच्या खोलीत वावरावे तसे ते वावरत होते. मग त्यांनी हात ओला करून एक मासा उचलला, पाठीच्या कल्ल्याजवळ, कण्याला धक्का न लावता त्यातून मोठी गरी आरपार घातली आणि त्याला समुद्रात सोडले. कण्याला लागले तर तो मरतो, आणि मेला तर तडफडत नाही. तडफड पाहूनच लुफार येतो.

मी विचारले, "अरे, त्याला दुखत असेल ना?"

"लहान मासे मोठ्यांसाठीच असतात," ते म्हणाले. "समुद्रात दुसरे काय चालते? आणि तू कोंबडी खातोस ती काय झाडाला लागते?"

प्रश्न बिनतोड होता. घरी येऊन मी जे थोडेफार शिकलो आहे ते आठवून पाहिले. धर्मशास्त्र त्यांच्याच बाजूचे दिसले. माशाला शेहिता लागत नाही. मोशे रब्बेनूंनी समुद्रातले मासे गोळा करण्याविषयी जो उद्गार काढला त्यावरून हाखामांनी ठरवले की मासे गोळा करणे एवढेच पुरे. मासा कोशेर आहे की नाही हे पर आणि खवले पाहून ठरते. ही खूण आपल्या लोकांनी कोकणात सारे ग्रंथ हरवल्यावरही जपली. डेव्हिड राहाबींनी आपल्या बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला केले, ही कथा आपल्यात कोणाला माहीत नाही? पण तो मासा कसा मेला, हे त्या बायकांना कोणी विचारले नाही.

इथे मी थोडा थांबलो. कोंबडीसाठी शोहेत सुरीच्या धारेवरून नख फिरवतो, आणि केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी चालत नाही. माशासाठी कोणी काही तपासत नाही. माझे स्नेही याचा अर्थ असा घेतात की माशाचे काही देणे लागत नाही. मला मात्र वाटते की तिथे शोहेत नाही म्हणून ते काम गळ धरणाऱ्यावर येऊन पडते.

दुखते की नाही याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. २००३ साली स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेतल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ओठात मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचलेले मासे बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत, काहींनी ओठ तळच्या खड्यांवर घासले. याला आपल्यासारखे दुःख म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांनी मात्र वाद मिटण्याची वाट न पाहता जिवंत मासा गळाला लावण्यास बंदी केली.

प्रागचे रब्बी येहेज्केल लांडाऊ यांना अठराव्या शतकात एका धनिकाविषयी प्रश्न आला होता: त्याने आपल्या रानात बंदूक घेऊन शिकार करावी काय? त्यांचे उत्तर असे की माणसाच्या गरजेसाठी प्राणी मारला तर त्यात प्राण्याला छळण्याचा दोष नाही, पण करमणुकीसाठी शिकार करणे हे क्रौर्य आहे. निम्रोद आणि एसाव यांचे ते काम, आपल्या पूर्वजांचे नव्हे. आता माझ्या स्नेह्यांच्या गळाला काय म्हणायचे? पेन्शनीत मासा विकत मिळतो, तेव्हा ती गरज नव्हे. पण रिकाम्या घरात शुक्रवारची सकाळ काढणे ज्याला अवघड जाते त्याच्या धक्क्यावरच्या चार तासांना करमणूक म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

माझा अडसर दुसराच आहे. खाण्यासाठी मारताना वेदना होते, पण ती आपल्याला नको असते, म्हणून सुरीला धार लावतो. जिवंत आमिषात वेदना हेच हत्यार. ती लवकर संपू नये म्हणून तर पंप लावायचा, सावली करायची. बादलीशेजारची ती माया मला गरीपेक्षा जास्त टोचली.

रब्बी येहूदा हानासी यांची तालमूदमधली गोष्ट तेव्हा आठवली. कत्तलीला नेले जाणारे वासरू त्यांच्या वस्त्राखाली डोके घालून रडू लागले. ते म्हणाले, जा, त्यासाठीच तुला निर्माण केले आहे. त्या शब्दांपायी त्यांना तेरा वर्षे आजार सोसावा लागला. पुढे घर झाडताना मोलकरीण काही इवली पिल्ले बाहेर टाकू लागली, तेव्हा त्यांनी तिला अडवले, आणि आजार गेला. वासरू कापू नका असे ती गोष्ट म्हणत नाही. दोष त्यांच्या उत्तरात होता.

हे सारे मी स्नेह्यांना जरा जास्तच आवेशाने ऐकवले. ते उत्तरादाखल एवढेच म्हणाले, "लहान मासे मोठ्यांसाठी, हे मी बोललो ते चुकले." पुढले दोन शुक्रवार दाराला पिशवी नव्हती. पत्नीने विचारले, मी काही बोललो नाही. तिसऱ्या शुक्रवारी मीच धक्क्यावर गेलो. बादली होती, पंपही चालू होता. शेजारी बर्फातल्या मेलेल्या सार्डिनची पिशवी होती. जिवंताइतका भरवसा तिचा नाही, असे ते म्हणाले. मी बादलीवर सावली धरून बसलो.

त्या दुपारी पिशवी आली. लुफार मोठा होता. तो कशावर लागला हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.