खिडकी, दिशा आणि शुभाशुभ

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर अलीकडे जी नवी घरे उठत आहेत, त्यांच्या नकाशांवर कधी वास्तुपंडिताचा, तर कधी फेंगशुईच्या जाणकाराचा शेरा पडू लागल्यामुळे, खिडकी कोठे असावी या व्यावहारिक प्रश्नाला शुभाशुभाचे गांभीर्य प्राप्त झाले आहे.

फेंगशुईचा दंडक असा की दारासमोर थेट खिडकी नसावी, कारण आत आलेले चैतन्य तत्काळ बाहेर निघून जाते. आणि घराचे मुख शक्यतो दक्षिणेला असावे. आपले वास्तुशास्त्र मात्र दक्षिणेला यमाची दिशा मानते आणि ईशान्य मोकळी व नैऋत्य भारी ठेवण्याची आज्ञा करते. एकच दक्षिण एका देशात मंगल व दुसऱ्यात अमंगल ठरत असेल, तर मांगल्य दिशेच्या ठायी स्वभावतः वसते, हे म्हणणे तर्काला धरून होत नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्याचे बोचरे वारे उत्तरेकडून येतात व ऊब दक्षिणेच्या उन्हातून मिळते. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर भिंतीवर आदळतो. त्या त्या भूमीच्या या अनुभवाला पुढे आज्ञेचे रूप आले असावे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

आज्ञा राहिली आणि कारण विसरले, की काय होते ते वैशाखात कळते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे ओटीवरून शिरून माजघरातून परसदारी निघून जावेत, अशी तजवीज जुन्या घरांत समोरासमोरच्या दारांनी होत असे. तीच सरळ वाट चैतन्य गळते म्हणून बुजवणाऱ्या गृहस्थाच्या घरी दमट उकाडाच तेवढा मुक्कामास राहतो.

दिशा ठरविणाऱ्या होकायंत्राची कथाही याच किनाऱ्यावर ऐकावी. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार असे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणीत व्यत्यय येणार म्हणून 1904 साली अलिबागेस स्वतंत्र वेधशाळा सुरू झाली, आणि तिची इमारत लोखंडाचा स्पर्श टाळून उभारण्यात आली. अशा दीर्घकाळच्या नोंदींनी सिद्ध केले आहे की चुंबकसुईची उत्तरही कालांतराने सरकत असते. मग तिच्या साक्षीने केलेला शुभाशुभाचा निवाडा चिरंतन कसा मानावा?

श्रद्धेने मनाला स्वास्थ्य लाभते, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या धर्माने दिशांना दिक्पाल नेमले, ते कोणत्याही दिशेला वाळीत टाकण्यासाठी नव्हे. पश्चिम वरुणाची, म्हणूनच नारळी पौर्णिमेला कोळी मावळतीच्या समुद्राला नारळ अर्पण करतात. आणि याच किनाऱ्यालगतच्या हरिहरेश्वराला लोक दक्षिण काशी म्हणतात. यमाच्या दिशेचे नाव तीर्थाला लागले म्हणून त्याचे पावित्र्य काही उणावले नाही. तेव्हा घर बांधणाऱ्याने प्रथम वाऱ्याची, पावसाची आणि शेजाऱ्याच्या अंगणाची चौकशी करावी, स्वयंपाकघरात उजेड पोहोचतो की नाही ते पाहावे, आणि शास्त्र्याचा सल्ला घ्यायचाच असेल तर तो त्यानंतर घ्यावा.