निघून गेलेल्याचे वजन

निवांत बसा. समोर तराजू आहे, त्यावर शंकुपात्र. पात्रात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, शेजारी अंड्याच्या वाळवलेल्या कवचाची पूड, २.०० ग्रॅम. आम्ल, पात्र, पूड आणि कापसाचा बोळा या सगळ्यांचे मिळून वजन लिहून ठेवा.

आता पूड आम्लात सोडा आणि तोंडाशी बोळा सैलसर बसवा. फेस उसळेल. कॅल्शिअम कार्बोनेटपासून कॅल्शिअम क्लोराइड आणि पाणी तयार होते. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आकडा उतरत जातो. काही करू नका, उतरणारा आकडा नुसता पाहत राहा.

फेस थांबला की पात्र हलकेच फिरवा. आम्लात विरघळून राहिलेला वायू निघाला नाही, तर घट कमी दिसेल. बोळा नसता तर उडालेल्या थेंबांनी ती जास्त दिसली असती. दोन्ही शक्यता क्षणभर मनात धरा.

घट ही नुसती उणीव नाही. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हीच घट चिकाटीने तोलली, आणि घन पदार्थात बांधलेला वायू ओळखला. जे दिसत नव्हते, ते तराजूने दाखवले.

समजा, घट ०.८३६ ग्रॅम भरली. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल म्हणजे ४४ ग्रॅम. भागा: ०.०१९ मोल.

इथे थांबा. संतुलित समीकरणात आम्लाचे दोन मोल लागतात, पण आपला प्रश्न आम्लाचा नाही. ते मुबलक आहे. आणखी ओतले तरी वायू वाढणार नाही. कार्बोनेटच्या एका मोलमागे वायूचा एकच मोल सुटतो. गेलेल्यावरून असलेल्याकडे परतायची वाट एवढीच आहे. म्हणजे कार्बोनेटही ०.०१९ मोल. त्याचा मोल १०० ग्रॅमचा, म्हणून १.९० ग्रॅम. दोन ग्रॅममधले १.९०, म्हणजे ९५ टक्के.

उत्तर हाती आले. लगेच उठू नका. उरलेल्या पाच टक्क्यांकडे पाहा: कवचात प्रथिने असतात, थोडे मॅग्नेशिअम कार्बोनेटही असते. तेही आम्लात हाच वायू सोडते, आणि त्याचा मोल ८४ ग्रॅमचाच. तराजूला वायू कुणाचा हे कळत नाही. सगळा वायू कॅल्शिअम कार्बोनेटचाच, हे आपण गृहीत धरले, तराजूने नाही.

म्हणून वहीत नुसते ९५ लिहू नका. आधी लिहा: सगळा वायू कॅल्शिअम कार्बोनेटचा असेल तर. मग ९५ टक्के.