तंबू कोठे ठोकावा?

शास्त्रपाठ : उत्पत्ती १३:१-१३



एके काळी आपल्यातील पुष्कळांची घरे मिशनच्या आवारात नाहीतर मंदिराच्या घंटेच्या टप्प्यात असत. शेजार निवडावा लागत नसे, तो लाभत असे. आज अहिल्यानगर, जालना, सोलापूर येथील आपली मुले नोकरीनिमित्त दूरदूरच्या महानगरांत जातात, तेथे कर्ज काढून घर घेतात, आणि आईवडिलांना कधीही पडला नव्हता असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो : राहावे कोणाच्या शेजारी?

माझा भाचा गुरुग्राम येथे नोकरीस आहे. वडिलांच्या निधनानंतर त्याने आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आपल्याकडे नेले. घर घेण्याचे ठरले तेव्हा त्याने मला बोलावून घेतले. “मामा, दोन जागा मनात आहेत. तुम्ही पाहा आणि सांगा,” असे तो म्हणाला. पहिली जागा द्वारका द्रुतगती मार्गालगतच्या नव्या सेक्टरात, बाविसाव्या मजल्यावर होती. तेथे पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, फाटकावर पहारेकरी अशी सर्व व्यवस्था होती. दुसरी सिव्हिल लाइन्सजवळच्या जुन्या वस्तीत, तळमजल्यावर होती. खोल्या लहान, गल्ली अरुंद; परंतु ब्रिटिश काळापासून उभे असलेले चर्च ऑफ द एपिफनी तेथून जवळ होते. त्या दोन घरांमध्ये उभा असताना मला लोटाची आठवण झाली.

अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गुरेढोरे वाढली, कुरणे अपुरी पडू लागली आणि गुराख्यांत भांडणे होऊ लागली. तेव्हा वयाने आणि मानाने मोठा असलेल्या अब्रामाने निवडीचा पहिला हक्क धाकट्याला दिला. लोटाने दृष्टी टाकली. यार्देनेचे खोरे भरपूर पाण्याचे होते. त्याने ते सगळे स्वतःसाठी निवडले आणि सदोमाच्या दिशेने आपला तंबू हलवला.

पाणी पाहिले हा लोटाचा दोष नव्हे. गुराढोरांच्या धन्याने पाणी पाहिलेच पाहिजे. दोष हा, की त्याने पाण्यापलीकडे काही पाहिले नाही. तेथे कसे लोक राहतात हे त्याने विचारले नाही. चुलत्याच्या वाट्याला काय उरेल याचाही विचार केला नाही. पहिल्या दिवशी तो सदोमात गेला नव्हता, केवळ त्या दिशेने सरकला होता. पण १९ व्या अध्यायात तो नगराच्या वेशीत बसलेला दिसतो. आपण शेजार निवडतो, आणि पुढे शेजार आपल्याला घडवतो.

आता गुरुग्रामाकडे पाहा. हे गुरू द्रोणाचार्यांशी नाते सांगणारे जुने गाव. १९७५ च्या हरियाणाच्या कायद्याने खाजगी विकसकांना परवाने घेऊन वसाहती उभारण्याचा मार्ग मिळाला. १९८३ मध्ये मारुतीची पहिली मोटार येथील कारखान्यातून बाहेर पडली. २०१० मध्ये दिल्लीची मेट्रो येथवर आली. महानगरपालिका मात्र २००८ साली स्थापन झाली. म्हणजे मनोरे आधी उठले आणि नगराची व्यवस्था मागाहून आली. भूजलाचा उपसा इतका झाला की २०१२ मध्ये उच्च न्यायालयाला बांधकामासाठी ते वापरण्यास मनाई करावी लागली. आणि जेथे जमिनीखाली पाणी नाही, तेथे २०१६ च्या जुलै महिन्यात एका पावसाने रस्त्यांवर एवढे पाणी साचले की हजारो लोक रात्रभर वाहनांत अडकून पडले. पाणी वाहून नेणारे जुने नाले आणि बांध वस्तीने गिळले होते. डोळ्यांना दिसणारे खोरे आणि प्रत्यक्षातील खोरे यांत अंतर असते ते असे.

म्हणून, वाचकहो, घर घेताना चौकशी करणे म्हणजे अविश्वास नव्हे. बुरूज बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असा दाखला आपल्या प्रभूने दिला आहे (लूक १४:२८). अब्राहामाने मकपेलाचे शेत घेतले ते नगरवेशीत, सर्वांदेखत, चारशे शेकेल रुपे तोलून देऊन (उत्पत्ती २३). यिर्मयाने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेलांना घेतले तेव्हा खरेदीखत, मोहोर, साक्षीदार यांपैकी काहीही उणे ठेवले नाही. खत मातीच्या भांड्यात जपून ठेवावयास सांगितले (यिर्मया ३२). आणि हे केव्हा? शत्रूने यरुशलेमेला वेढा घातलेला असताना! विश्वास आणि कागदपत्रे यांचे वैर नाही.

मीही भाच्याला म्हटले, “परवाना पाहा, भोगवटा प्रमाणपत्र पाहा.” २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार प्रकल्पाची नोंदणी पाहता येते, गुरुग्रामसाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे आणि दर चटई क्षेत्रावर सांगणे विकसकावर बंधनकारक आहे. होणाऱ्या रस्त्याच्या भरवशावर घर घेऊ नये. द्वारका द्रुतगती मार्गाच्या आशेवर अनेकांनी वर्षानुवर्षे आधी पैसे गुंतवले. त्याच्या हरियाणातील भागाचे उद्घाटन ११ मार्च २०२४ रोजी झाले. जागा एकदा भर पावसात आणि एकदा रात्री पाहावी.

बांधकामाचा प्रश्न तर जीवनमरणाचा आहे. नव्या घराच्या गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही, असे मोशेच्या नियमशास्त्रात बजावले आहे (अनुवाद २२:८). १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील एका उंच इमारतीचा भाग वरच्या मजल्यापासून खालपर्यंत कोसळला आणि दोन स्त्रियांनी प्राण गमावले. पुढे तपासणीत बांधकामाचे दोष इतके गंभीर आढळले की ती इमारत पाडण्याचा निर्णय झाला. कठड्याची आज्ञा जुनी झालेली नाही.

एवढी चौकशी आम्ही केली. दोन्ही घरांचे कागद ठीक निघाले. भाच्याचा कल बाविसाव्या मजल्याकडे होता, आणि तो स्वाभाविक होता. त्या संध्याकाळी जेवताना माझी बहीण, जी आतापर्यंत काही बोलली नव्हती, एवढेच म्हणाली, “बाळा, तुम्ही दोघे कामावर असताना मी पडले, तर पहिल्यांदा कोण धावून येईल?”

आम्ही गप्प झालो. तलाव होता, पहारेकरी होते. या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नव्हते. दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा, असे नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो (२७:१०), आणि मी स्वतः तो दूरचा भाऊ तेथे बसलो होतो!

परंतु प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. कोण माझ्यासाठी धावून येईल, इतके विचारून ख्रिस्ती मनुष्याला थांबता येत नाही. माझा शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने उलट विचारले, की जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? (लूक १०). मी कोणासाठी धावून जाईन? सदोमाचे पाप काय होते हे यहेज्केल सांगतो : गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत सुख, आणि दीनदुबळ्यांना हात न देणे (१६:४९). आज काही सोसायट्यांत मोलकरणीसाठी वेगळी लिफ्ट असते. जी आपल्या लेकरांना न्हाऊ घालते तिच्याबरोबर दोन मिनिटे उभे राहणे आपल्याला नको असते. असे फाटक चोरांना बाहेर ठेवते की शेजाऱ्याला, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

याचा अर्थ उंच इमारत पापी आणि जुनी गल्ली पवित्र असा मुळीच नाही. जुन्या गल्लीतही दारे बंद असतात. बाविसाव्या मजल्यावरही प्रार्थना होते. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने लिहिले की घरे बांधा आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (२९:५-७). नवे सेक्टर ज्यांच्या वाट्याला येते त्यांनाही ही आज्ञा आहे. आणि सदोमासाठी देवाजवळ रदबदली कोणी केली? आत राहणाऱ्या लोटाने नव्हे, तर बाहेर तंबूत राहणाऱ्या अब्राहामाने. नगराच्या वेशीत बसूनही नगराचा भार न वाहणे शक्य असते.

वाचकहो, देवानेही एकदा वस्ती निवडली. शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, असे योहान सांगतो. ती कोठे? ज्या गावातून काही चांगले निघू शकेल का, असा नथनेलाला संशय होता त्या नासरेथात. तेथे तो सुताराच्या घरात वाढला. त्याने पाणी पाहिले नाही. त्याने आपल्याला पाहिले.

माझ्या भाच्याने शेवटी तळमजल्याचे लहान घर घेतले. वास्तुप्रार्थनेच्या आधी त्याने, पत्नीने आणि आईने गल्लीतील प्रत्येक दार वाजवून लोकांना चहाला बोलावले. त्यांत पंजाबी होते, हरियाणवी होते, समोरच्या दुकानाचा मालक होता. बहिणीला हिंदी धड येत नाही. पण समोरच्या आजी आता रोज सकाळी खिडकीतून हाक मारतात, आणि उत्तर आले नाही तर त्या दाराशी येतील हे तिला ठाऊक आहे.

तुम्ही या वर्षी घर पाहत असाल, तर कागद नीट पाहा, पाणी पाहा, अंतर पाहा. मग गुडघे टेका आणि प्रभूला विचारा, की येथे मी कोणाचा शेजारी व्हावे अशी तुझी इच्छा आहे? आणि ज्यांचे घर आधीच झाले आहे, त्यांनी आज संध्याकाळी एक दार वाजवावे.

अब्राहामाचा देव आपल्या सर्वांच्या तंबूंवर आपली छाया ठेवो. आमेन.